पट्टी लावून गोधडी: सात महिने, अकरा सुया

परवा अकरावी सुई तुटली आणि तिचा तुकडा चष्म्याच्या काचेवर टणकन आपटला. आता लिहायलाच हवं. सात महिने घरच्या साध्या मशीनवर पट्टी लावून गोधड्यांवर टाके घालतेय. म्हणजे कापड पुढे ढकलणारे मशीनचे दाते खाली करायचे, जाड गोल रुलर फूट पट्टीच्या कडेला टेकवायचा आणि कापड-पट्टी हातानेच सरकवायची.

फूट आणि चार पट्ट्यांचा संच ऑनलाइन घेतला, २,४०० रुपये. पट्ट्या ६ मिमी. जाड म्हणजे टिकाऊ, हा माझा हिशोब. पहिल्याच दिवशी टक-टक-टक! माझी मशीन लो शँक, म्हणजे फूट जिथे आवळतात तो दांडा बुटका. पट्टी फुटाच्या उजवीकडे आली की सुई आवळायचा स्क्रू खाली येऊन थेट तिच्यावर आदळायचा. अशा मशीनला ३ मिमीची लागते, हे विकणाऱ्याने कुठेही लिहिलेलं नव्हतं. परत घेईना. पाकीट फोडलंत ना, मग तुमचं.

पैसे गेल्याचा राग डोक्यात, त्यामुळे कोपऱ्यावरच्या नेमप्लेटवाल्याकडून उरलेल्या ३ मिमी ॲक्रिलिकच्या तीन पट्ट्या कापून घेतल्या. एक सरळ, एक कमानीची, एक लाटेची. कडा घासून १८० रुपये. तेव्हा इतकी खूश होते की ‘ते महागडे संच कशाला’ हे चार जणींना सांगूनही झालं.

मग एकदा चार शिवणी भेटतात त्या टेंगळावर फूट चढला, पट्टी त्याच्याखाली शिरली आणि सुई सरळ ॲक्रिलिकवर. सुईचं काय, दहा रुपयांचं काम. पण त्यानंतर टाके सुटायला लागले. टायमिंग, म्हणजे सुई आणि खालच्या हुकची जुळणी, गेलं होतं. सर्व्हिस सेंटरमधल्या दादांनी फूट उलटसुलट करून पाहिला.

“ताई, ही मशीन ब्लाऊज-परकराची. असले खेळ केले तर वॉरंटी नाही.”

“मग मॅन्युअलमध्ये क्विल्टिंगचं पान कशाला छापलंय?”

“ते परदेशातल्यांसाठी असतं.”

६५० रुपये.

आता कबूल करते, त्या दिवशी चूक पट्टीची नव्हती. स्क्रूच्या खाचेत फूट मीच किंचित वर आवळला होता. आता गोधडीचा तुकडा खाली ठेवून, पट्टी टेकवून, हाताने चाक दोनदा फिरवून बघितल्याशिवाय पायडलला पाय लावत नाही. टेंगूळ आलं की पट्टी बाजूला, तेवढे टाके चाकावर. मोठ्या तोंडाने दिलेला नेमप्लेटवाल्याचा पत्ता मात्र मी मागे घेत नाही.

खरा वैताग निराळाच, पट्टी घसरते. शाळेपासून हाताला सवय अशी की पट्टी दाबून धरायची आणि पेन्सिल ओढायची. इथे पेन्सिल जागेवर खिळलेली आणि कागद व पट्टी दोन्ही मिळून सरकवायची. त्यात एका हाताखाली कापड, बॅटिंग (मधला मऊ भर), अस्तर असे तीन थर. मधेच पट्टी केसभर फिरते आणि सरळ रेघ पोट काढते. आधी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवले. पकड झकास! पांढऱ्या मांजरपाटावर काळे ओरखडे, तेही दोन धुण्यांत न जाणारे. मग बारीक सँडपेपरच्या टिकल्या. त्या चालतात, पण दर महिन्याला गुळगुळीत होतात, बदलाव्या लागतात. पट्टीच्या पोटाखाली दोन टिकल्या पुरत नाहीत, कडेला चार हव्यातच. कडेला, मधे नाही! यावर मी घरी इतकी बोलले आहे की जेवताना हा विषय काढायला बंदी आहे.

आणि ते पाव इंच. सुई फुटाच्या मधोमध, त्यामुळे टाका पट्टीच्या कडेपासून पाव इंच लांब पडतो. खडूच्या रेघेवर पट्टी ठेवली की फसलात. पहिली अख्खी किनार मी अशीच उसवली.

बारा इंची पट्टीवर पैसे घालू नका. हाताचा दाब फुटाजवळ पाहिजे, लांब पट्टीचं दुसरं टोक आपल्या मनाने फिरतं. सहा इंची घ्या, सुई कापडात खाली ठेवून थांबा, हात पुढे घ्या, पुन्हा चालू.

कमानीच्या पट्टीने मात्र मला गार केलं. एकमेकींत अडकलेल्या पाकळ्या, एकही रेघ न आखता, अशा सुबक की सासूबाईंनी गोधडी उलटी करून मागची बाजू तपासली. त्यांचा हातचा धावदोरा गावात नावाजलेला. म्हणाल्या, “टाके बरे आहेत. पण ऊब कुठाय?” बॅटिंग पातळ घेतलं होतं, स्वस्त म्हणून.