सीट गरम होईना म्हणून 46,800 रुपये मोजले, आणि सीट कुणी उघडलीच नव्हती

आधी आकडा लिहितो, म्हणजे पुढचं का लिहितोय ते कळेल. 46,800 रुपये. त्यातले 25,000 मी 6 डिसेंबर 2024 ला अ‍ॅडव्हान्स म्हणून दिले आणि 21,800 रुपये 9 डिसेंबरला गॅरेजमधून गाडी परत घेताना. दोन्ही वेळा मोबाईलवरून, आणि दोन्ही वेळा गॅरेजच्या नाही तर गॅरेजवाल्याच्या स्वतःच्या खात्यावर. एकतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाने हे केलं. घरात अजून कुणी या विषयावर माझ्याशी धड बोलत नाही.

गरम होणाऱ्या सीट साताऱ्यात कशाला हव्यात, असं बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून तेही सांगतो. बायकोच्या कमरेचं दुखणं जुनं आहे, मणक्याचं. उपचारासाठी दर पंधरा दिवसांनी गुरुवारी पुण्याला जावं लागतं. साधारण एकशेदहा किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. सकाळी सहाला निघायचं म्हटलं की डिसेंबरात तिला गाडीत बसवत नाही. डॉक्टरांनी शेक घ्यायला सांगितलेला. म्हणून मुलीने शोधून 2016 सालची सेकंड हँड गाडी घ्यायला लावली, पुढच्या दोन्ही सीट गरम होणारी. हा चैनीचा मामला नव्हता. त्या सीटमुळे ती पुण्यात पोचून स्वतःच्या पायांनी गाडीतून उतरायची.

5 डिसेंबरच्या गुरुवारी वाढे फाटा ओलांडला आणि ती म्हणाली, "अहो, सीट गार पडलीय." मी माझ्या सीटखाली हात घातला. माझीही गार. बटणावरचे तीन दिवे लागायचे आणि दोन-तीन सेकंदांत विझायचे.

इथेच थांबा, कारण माझी अक्कल इथेच गेली. घरातले दोन दिवे एकदम गेले तर आपण दोन बल्ब बदलतो का? आधी मीटरपाशी जातो. दोन्ही सीट एकाच सकाळी, एकाच मिनिटाला गेल्या. दोन वेगवेगळ्या सीटमधल्या दोन वेगवेगळ्या तारा ठरवून एकाच क्षणी तुटत नाहीत. एक सीट गेली तर सीटमध्ये बिघाड शोधायचा, दोन्ही एकदम गेल्या तर आधी फ्यूज, मग सप्लाय, मग कंट्रोलचा डबा, म्हणजे मॉड्यूल. आज हे मी घडाघडा सांगतो. त्या दिवशी सुचलं नाही. बायको शेजारी कण्हत बसली होती आणि मला फक्त हे लवकर नीट करून घ्यायचं होतं.

जुन्या एमआयडीसीच्या बाजूला एक गॅरेज आहे. नाव लिहीत नाही, वकिलांनी सांगितलंय. बाहेर मोठमोठ्या परदेशी गाड्या उभ्या असतात, आत एसीची खोली, चहा येतो. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला आणि माझ्यासमोर स्क्रीन धरली. लाल अक्षरांत बिघाडाचे सात-आठ कोड. "साहेब, दोन्ही हीटर गेलेत आणि मॉड्यूल पण मारलंय." मॉड्यूल मारलंय म्हणजे काय हे मी विचारलं नाही. जुने कोड पुसले नाहीत तर तसेच साठून राहतात आणि बॅटरी एकदा उतरली तरी ढीगभर कोड येतात, हे मला नंतर कळलं. कोड म्हणजे निदान नाही. स्कॅनर कुठे बघायचं एवढंच सांगतो, काय तुटलंय ते मल्टिमीटर, म्हणजे तारा तपासायचं विजेचं मीटर, सांगतो. आणि त्या माणसाने तीन दिवसांत मल्टिमीटर हातात घेतलेला मी पाहिला नाही.

त्याने कागदावर लिहून दिलं ते असं: ड्रायव्हर सीटचा हीटर, बैठक आणि पाठ मिळून 14,500. शेजारच्या सीटचा तेवढाच, 14,500. कंट्रोल मॉड्यूल 11,200. स्कॅनिंग 1,500. मजुरी 5,100. कागदावर गॅरेजचं नाव नाही, शिक्का नाही, पार्ट नंबर नाही. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "साहेब, पक्कं केलं की जीएसटी वर चढेल, तुमचंच नुकसान." मी गप्प बसलो. बँकेत असताना कोऱ्या कागदावरचा हिशेब मी कुणाकडून घेतला नसता. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे अनुचित व्यापार प्रथा आहे, साधी सवलत नाही. कुणी "बिलाशिवाय स्वस्त पडेल" म्हणालं की तिथून उठा.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून रात्री झोप लागत नाही.

9 तारखेला संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो. सीट चालू होत्या. मी बसलो, पाच मिनिटांत पाठ उबदार झाली, मला हायसं वाटलं. मग शेजारच्या सीटवर कागदपत्रं ठेवायला वळलो आणि बैठक व पाठ जिथे मिळतात त्या शिवणीत मला एक चिरमुरा दिसला. चटणीचा लालसर डाग लागलेला, दोऱ्यात अडकलेला. गाडी गॅरेजला देण्याआधीच्या रविवारी नातीने गाडीत भेळ सांडली होती, त्यातला. मी नखाने तो काढून बाहेर टाकला. हीटर बदलायचा तर सीट बाहेर काढावी लागते, कव्हर खालून सोडवावं लागतं, खोबणीतल्या लोखंडी रिंगा एकेक कापाव्या लागतात, फोमवरून कव्हर सोलून काढावं लागतं. एवढं सगळं झालं असतं तर तो चिरमुरा तिथे राहिला असता का? मी तो बोटांत धरला होता आणि मनात म्हणालो, एवढे पैसे घेतले तर निदान झाडून तरी द्यायची. बस. तेवढंच म्हणालो आणि 21,800 पाठवले.

जुने पार्ट मागितले होते, हे माझ्या बाजूने सांगतो. त्याने पिशवीत दोन जळकट हीटरच्या चटया आणून दाखवल्या, पण "कंपनीला परत पाठवायच्या असतात" म्हणून दिल्या नाहीत. दिसायला खऱ्याच होत्या, कुणाच्या गाडीतल्या होत्या देव जाणे. म्हणून सांगतो, गाडी देण्याआधी पार्टवर स्वतः पेनाने खूण करा, सीट पुढे-मागे सरकवून खालचे फोटो काढा, आणि जुना पार्ट घरी आणल्याशिवाय उरलेले पैसे सोडू नका.

सतरा दिवस सगळं ठीक चाललं. 26 डिसेंबरला पुण्यात जावयांनी गाडी दुसरीकडे लावायला घेतली. ते उंच, त्यांनी ड्रायव्हर सीट मागे सरकवली. संध्याकाळी परतताना मी ती पुन्हा पुढे ओढली. खंबाटकी घाट चढताना बायको म्हणाली, प्लास्टिक जळाल्यासारखा वास येतोय. मला वाटलं पुढच्या ट्रकच्या क्लचचा असेल. घाट उतरेपर्यंत वास इतका वाढला की डोळे चुरचुरायला लागले. सुरूर फाट्याच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली, तिला धरून बाहेर काढलं, बॉनेट उघडलं, तिथे काही नाही. ड्रायव्हर सीटखाली हात घातला तर कार्पेट गरम होतं. ती रस्त्याच्या कडेला थंडीत कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि मी पाण्याची बाटली घेऊन गाडीभोवती फिरत होतो.

दुसऱ्या दिवशी गॅरेजला गेलो. तो म्हणाला, प्रोग्रॅमिंग उडालं असेल, 6,500 लागतील. वासाचं सांगितलं तर म्हणाला, "नवीन हीटरला सुरुवातीला वास येतो साहेब." मी पाकीट काढलं होतं, खोटं कशाला बोलू. बायको गाडीतूनच म्हणाली, "आता नको. घरी चला."

कराडला भाचा राहतो. त्याच्या ओळखीचा एक गाड्यांच्या वायरिंगचा माणूस कोल्हापूर नाक्याजवळ बसतो, पत्र्याचं शेड, एसी नाही, चहा नाही. त्याने पहिलं काम केलं ते फ्यूजच्या डब्याचं झाकण उघडून त्याच्या मागचा नकाशा वाचला. मग मला बोलावलं. "काका, इथं बघा." सगळ्या फ्यूजवर आठ वर्षांची धूळ आणि मधे एकच फ्यूज लखलखीत, हिरवा. नकाशात त्या जागी 20 अँपिअर लिहिलेलं, 20 चा फ्यूज पिवळा असतो. हिरवा म्हणजे 30.

त्याने जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत लिहितो. दोन्ही सीट मिळून गाडीच्या 12 व्होल्टवर जेमतेम पंधरा-सोळा अँपिअर ओढतात, म्हणून कंपनीने 20 चा दिला. माझ्या गाडीत दोन्ही सीटना तो एकच आहे. ड्रायव्हर सीटखालची वायर सीट सरकायच्या पट्टीला घासून सोलली होती, ती लोखंडाला टेकली की फ्यूज उडायचा. फ्यूज त्याचं काम करत होता. त्या हरामखोराने वायर शोधायची सोडून मोठा फ्यूज ठोकला. मग फ्यूज उडायचा बंद झाला आणि वायर जळायला लागली. कार्पेट उचलल्यावर खाली रुपयाच्या नाण्याएवढा काळा डाग होता आणि वायरीचं प्लास्टिक वितळून पट्टीला चिकटलं होतं. पैशाचं सोडा, त्या सीटवर मी बसलो होतो आणि शेजारी माझी बायको. उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून टाकू देऊ नका.

मग त्याने बॅटरीची वायर काढली, थोडा वेळ थांबला आणि सीट कलती केली. घाई का नाही करत विचारलं तर म्हणाला, सीटखाली पिवळं कनेक्टर असतं ते एअरबॅगचं, त्याच्याशी खेळ नको. घरी कुणी सीटखाली हात घालणार असेल तर हे लक्षात ठेवा. खालच्या सगळ्या रिंगा कंपनीच्याच, एकही कापलेली नाही. "ही सीट कंपनीतून आल्यापासनं कुणी उघडलेलीच न्हाई काका." हीटरच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला, दोन-तीन ओहमच्या आसपास आकडा आला, शेजारच्या सीटचाही जवळपास तोच. तार तुटली असती तर मीटरने काहीच दाखवलं नसतं. म्हणजे दोन्ही हीटर पहिल्यापासून धडधाकट. 11,200 चं नवीन मॉड्यूल बघितलं तर स्टिकरवर 2016 साल आणि स्क्रूंवर धूळ.

त्याचं बिल: फ्यूज 20 रुपये, वायर आणि कनेक्टर 270, मजुरी 350. एकूण 640. छापील पावतीवर, न मागता.

मग सुरू झाली दुसरी वणवण. पोलीस ठाण्यात गेलो, फोटो, पैसे पाठवल्याचे पुरावे, कराडच्या माणसाचं लेखी, सगळं घेऊन. ठाणे अंमलदार म्हणाले, "काका, पैसे तुम्हीच दिले ना? गाडी चालू करून घेतली ना? मग हे सिव्हिल मॅटर झालं." मी म्हणालो, न बदललेल्या पार्टचे पैसे घेणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेत कलम 318 आहे त्याला. ते म्हणाले, सोमवारी या, साहेब आहेत. सोमवारी साहेब बंदोबस्तावर. पुढच्या वेळी दुसरे अंमलदार, त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी "सीट गरम कशाला लागते" इथून सुरुवात केली आणि शेजारचे दोघे हसले. चौथ्या फेरीला मला सांगण्यात आलं की गॅरेजवाल्याला फोन केलाय, तो म्हणतो काम केलंय, आपसात मिटवा. अर्जाची पोच मागितली तर शिक्का दुसऱ्या टेबलावर, तिथला माणूस जेवायला. मी साडेतीन तास बाकड्यावर बसलो. एकसष्ट वर्षांचा माणूस. त्या बाकड्यावर चोर मी आहे असं वाटायला लागलं. आणखी एका कार्यालयात गेलो तर म्हणाले गाडीची नोंदणी आमची, गॅरेज आमचं नाही. मग गॅरेज कुणाचं आहे? या जिल्ह्यात कुणीही उठून एसीची खोली टाकून लोकांच्या गाड्या जाळायच्या आणि विचारणारं कुणीच नाही?

पोलीस गुन्हा नोंदवत नसतील तर अर्ज लिहून पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये आहे. मी रजिस्टर पोस्टाने पाठवलाय. ते चार फेऱ्यांत मला कुणी सांगितलं नाही, मुलीने शोधून दिलं. ग्राहक आयोगाचंही तसंच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकील सक्तीचा नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. 1915 वर फोन करून आधी नोंद करता येते. मी तक्रार दाखल केलीय आणि त्यात पूर्ण 46,800 मागितलेत, स्कॅनिंगचे 1,500 सुद्धा. तो हिरवा फ्यूज कराडवाल्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून तारीख टाकून दिला होता, तो माझ्या कपाटात आहे.

ज्यांच्या सीट बंद पडल्यात त्यांनी गॅरेजला जाण्याआधी इंजिन चालू ठेवून बघा, बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद असताना किंवा बॅटरी कमजोर असताना सीट मुद्दाम चालू होत नाही. सीटखाली छत्री, बाटली कोंबलेली असेल तर काढा, कनेक्टर निसटतं. सीटवर गुडघा टेकून मागचं सामान काढायची सवय असेल तर ती सोडा, बैठकीतली तार खरंच तुटते ती अशानेच. आणि खरंच तुटली असेल तर सीट तुमच्या डोळ्यांसमोर उघडायला लावा.

गाडी आता व्यवस्थित आहे, दोन्ही सीट चालतात. बायको मात्र तिच्या बाजूचं बटण लावू देत नाही. निघताना रबराच्या पिशवीत गरम पाणी भरते, टॉवेलात गुंडाळून कमरेमागे ठेवते. शिरवळच्या आधीच ती गार होते.