कॅटलॉग एकच हवा, येतात तीन: सात महिन्यांनंतर

काल टपालात पुन्हा दोन कॅटलॉग आले, म्हणून लिहायला बसले.

घरपोच वस्तू पाठवणाऱ्या या कंपनीचा कॅटलॉग आमच्या इंदूरच्या घरी दर महिन्याला येतो. गेल्या जुलैत मी जादाचे थांबवायच्या मागे लागले तेव्हा तीन-तीन यायचे: एक ‘व्ही. जी.’, एक ‘विनायक’, एक ‘विनायकराव’. माणूस एकच, माझे सासरे. मला सगळे बंद करायचे नाहीत. सासूबाई चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचतात, आवडलेल्या पानाचा कोपरा दुमडून ठेवतात. उरलेले दोन मात्र थेट रद्दीत. इथे कचरागाडीत प्लास्टिक वेगळं द्यावं लागतं, म्हणून प्रत्येकाचं वेष्टण आधी फाडा. गुळगुळीत कागदाला रद्दीवाला भैया वर्तमानपत्राचा भावही देत नाही.

आधी 1909 वर डीएनडी लावलं. ते फक्त फोन आणि एसएमएससाठी असतं, टपालाशी त्याचा संबंध नाही, हे कळेपर्यंत महिना गेला. कंपनीच्या वेबसाइटवर ‘छापील कॅटलॉग नको’ एवढा एकच चौकोन. कोणता नको ते सांगायची सोय नाही. कस्टमर केअरला पाच फोन केले. दर वेळी ‘झालं मॅडम’, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तीन. तेव्हा लिहिलं असतं तर एकच स्टार दिला असता.

ऑक्टोबरात तिन्ही कॅटलॉग शेजारी ठेवून पाहिले. स्टिकरवर नावाच्या वर अगदी बारीक अक्षरात ग्राहक क्रमांक असतो, आणि तिन्हींवर तो वेगळा! केअरवाले मोबाइल नंबरवरून शोधत होते, त्यांना एकच खातं दिसायचं. स्टिकर फेकू नका, सगळी किल्ली तिथेच आहे. मी तिन्हींचे फोटो ईमेलने पाठवले आणि कोणते दोन बंद, कोणता चालू ते लिहिलं. नोव्हेंबरचे स्टिकर आधीच छापून झाले होते, म्हणून तेव्हा तीनच आले. डिसेंबरात मात्र एक. जानेवारीतही एक. खरंच समाधान वाटलं, मनातल्या मनात चार स्टार देऊन टाकले.

मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सासूबाईंनी वाणासाठी 25 स्टीलच्या डब्या मागवल्या, नातीच्या मोबाइलवरून. नवा मोबाइल नंबर, म्हणून नवा ग्राहक क्रमांक, आणि कालचा दुसरा कॅटलॉग. पत्ता अक्षरन् अक्षर तोच असताना ऑर्डर घेणाऱ्याने तो जुळवून का पाहू नये? एवढ्यासाठी एक स्टार कापते. तीन.

आज सकाळी नवा क्रमांक देऊन तो बंद करायला सांगितलाय. चालू क्रमांकाचं स्टिकर कापून फोनशेजारच्या वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलंय; ऑर्डर देताना सासूबाई आधी तोच सांगणार आहेत. मार्चचे स्टिकर छापून झाले असतील, तेव्हा एप्रिलला किती येतात ते इथेच लिहीन.