बेंच ड्रिल घेताना: पट्टा-पुलीचे की नॉबने वेग बदलणारे?

मोटार किती वॅटची, चकात (छिद्र पाडणारे बिट धरणाऱ्या जबड्यात) जास्तीत जास्त किती मिलिमीटरचे बिट बसते, टेबल केवढे, हे आकडे कोणत्याही माहितीपत्रकात मिळतात, त्यामुळे त्यांची यादी येथे देत नाही. बेंच ड्रिल, म्हणजे बाकावर बसवून सरळ खाली छिद्र पाडणारे मशीन, निवडताना खरा प्रश्न पडतो तो वेग कशाने बदलायचा हा. एका प्रकारात डोक्यावरचे झाकण उघडून पायऱ्यांच्या पुल्यांवर पट्टा खाली-वर सरकवावा लागतो. दुसऱ्या प्रकारात समोरचा नॉब फिरवला की इलेक्ट्रॉनिक नियंत्रणामुळे मोटारीचाच वेग कमी-जास्त होतो. दोन्हींवर मी पुरेसे काम केले आहे, आणि अखेर माझ्या टेबलावर पट्ट्याचे मशीन राहिले. तरीही दुसऱ्या प्रकाराला नावे ठेवावीत असे मला वाटत नाही, कारण काही कामांत ते निःसंशय सरस आहे.

वेग बदलण्याला एवढे महत्त्व का, हे एका हिशेबावरून दिसते. हाय स्पीड स्टीलच्या बिटाने साध्या पोलादात छिद्र पाडताना बिटाच्या कडेचा वेग मिनिटाला 25 ते 30 मीटर ठेवतात. त्यानुसार 3 मिलिमीटरच्या बिटाला मिनिटाला सुमारे 3,000 फेरे लागतात, 10 मिलिमीटरच्या बिटाला 800 ते 950, आणि 20 मिलिमीटरच्या बिटाला 400 ते 480. स्टेनलेस स्टीलमध्ये हे आकडे साधारण निम्म्यावर आणावे लागतात. ॲल्युमिनियममध्ये ते दुपटीच्या पुढे नेता येतात. म्हणजे एकाच जॉबमध्ये (छिद्र पाडायच्या तुकड्यात) आधी बारीक छिद्र आणि मग तेच मोठे करायचे असले, तरी वेग बदलल्यावाचून गत्यंतर नाही.

येथे नॉबचे मशीन फार सोयीचे पडते. बिट बदलले, नॉब फिरवला, काम सुरू. लाकडात मोठे गोल कापणारे कटर वापरताना सुरुवातीला अगदी हळू फिरवून कड नीट धरू द्यायची आणि मग वेग वाढवायचा, हेही त्यावर सहज जमते. प्लॅस्टिक वितळू लागले तर मशीन न थांबवता वेग उतरवता येतो. ज्यांचे बहुतेक काम लाकूड, ॲक्रिलिक आणि 6-8 मिलिमीटरपर्यंतच्या धातूतील छिद्रांचे आहे, त्यांनी हाच प्रकार घ्यावा, असे मी आजही मोकळेपणाने सांगेन.

पट्ट्याच्या मशीनला यासाठी बरेच जास्त करावे लागते. प्लग काढायचा, झाकण उघडायचे, मोटारीची पकड सैल करायची, पट्टा हव्या त्या पायरीवर चढवायचा, पुन्हा ताण द्यायचा. तीन पुल्या आणि दोन पट्टे असतील तर आतल्या तक्त्यावर जोडी शोधणे आलेच. हाताला सवय झाली तरी हा खोळंबा संपत नाही, आणि कंटाळ्यापोटी माणूस आहे त्याच वेगावर काम रेटतो, हा या मशीनवरचा नेहमीचा आक्षेप खरा आहे. त्यावर माझा उपाय एवढाच, की सर्व जॉबवर आधी सेंटर पंच (छिद्राच्या जागी खड्डा पाडणारे टोकदार हत्यार) मारून घ्यायचा, मग एका मापाची सगळी छिद्रे उरकायची आणि त्यानंतरच पट्ट्याला हात लावायचा.

माझा निर्णय मात्र दुसऱ्याच एका त्रासाने झाला. नॉबच्या मशीनवर वेग खाली आणला की ताकदही उतरते. पुलीने वेग एक-पंचमांश केला, तर पट्ट्यात थोडे वाया जाते ते सोडून स्पिंडलवरचा (चक फिरवणाऱ्या दांड्यावरचा) टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जवळजवळ पाचपट होतो, कारण मोटार स्वतः आपल्या पूर्ण वेगानेच फिरत असते. नॉबने तोच वेग एक-पंचमांश केला, तर टॉर्क साधारण होता तेवढाच राहतो आणि मोटारीची उपयोगी शक्ती पाचव्या हिश्श्यावर येते. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण भार वाढल्यावर जास्त वीजप्रवाह देऊन वेग सावरते खरे, परंतु त्यालाही मर्यादा असते. आणि मोठ्या बिटाला नेमका कमी वेगावरच जास्तीत जास्त टॉर्क लागतो.

प्रत्यक्षात ते असे जाणवायचे: जाड पोलादी पट्टीत 12-13 मिलिमीटरचे बिट योग्य वेगावर व्यवस्थित उतरत जायचे आणि टोक पलीकडे बाहेर पडण्याच्या क्षणी कड धातूत अडकून स्पिंडल जागच्या जागी थांबायचे. मग स्विच बंद करायचा, चक हाताने उलटा फिरवून बिट सोडवायचे, वर घ्यायचे आणि पुन्हा हलक्या दाबाने उतरायचे. पुढच्या छिद्राला हाच क्रम. मी टॉर्क कधी मोजला नाही, हाताला जे कळले तेच सांगतो आहे. यातून सुटण्यासाठी हात आपोआप नॉबकडे जातो आणि वेग वाढवला जातो. त्याने स्पिंडल थांबायचे कमी होते, पण बिटाची धार निळी पडून मरते आणि कीस निघण्याऐवजी धूर निघतो. पट्ट्याच्या मशीनवर चुकीचा वेग आळसाने राहतो, आणि आळस शिस्तीने आवरता येतो. नॉबच्या मशीनवर तो ताकद कमी पडते म्हणून वाढवावा लागतो, आणि त्याला काम करणाऱ्याची शिस्त पुरी पडत नाही. माझ्यापुरता तराजू येथे झुकला.

पट्ट्याच्या मशीनवर तेच बिट अडकले तर बहुधा पट्टा घसरतो, किंचाळतो आणि आपण दाब सोडतो. मात्र याला सुरक्षेची सोय समजू नये; जॉब नीट पकडलेला नसेल, तर पट्टा घसरण्याआधीच तो हातातून हिसकावला जाऊ शकतो. काही नॉबच्या मशीनांमध्ये गिअरचे किंवा पुलीचे दोन टप्पे असतात, त्यांत माझी तक्रार बरीचशी मिटते. पुलीचा व्यास लिव्हरने बदलणारी मशीनेही चांगली, फक्त त्यांचा वेग मशीन चालू असतानाच बदलायचा असतो आणि ती सहसा महाग असतात.

उभारणीत दोन्हींचे बरेचसे सारखेच आहे. वरचा भाग जड असल्यामुळे पाया बाकाला बोल्टने घट्ट बांधावा. चक बसवण्यापूर्वी स्पिंडलचा आणि चकाचा असे दोन्ही शंकू पुसून तेलविरहित करावेत, चकाचे जबडे पूर्ण आत ओढून घ्यावेत आणि लाकडी हातोडीचा एक ठोका द्यावा. टेबल काटकोनात आहे का, हे चकात वाकवलेली तार धरून आणि स्पिंडल हाताने फिरवून पाहावे. तारेचे टोक चारही बाजूंना टेबलाला सारखेच टेकले पाहिजे. पट्ट्याच्या मशीनमध्ये याखेरीज पुल्या एका पातळीत आहेत ना हे पाहावे लागते आणि पट्ट्याचा ताण बोटाने दाबल्यावर तो सुमारे एक सेंटिमीटर आत जाईल इतका ठेवावा लागतो. ताण जास्त झाला तर बेअरिंगवर भार येतो आणि कमी झाला तर पट्टा ऐन कामात घसरतो. नॉबच्या मशीनला यातले बहुधा काही लागत नाही, ही त्याची आणखी एक जमेची बाजू.

सुरक्षेत एक फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. नॉब आधीच्या कामाच्या जागी राहून गेलेला असतो, त्यामुळे मोठे कटर लावून स्विच दाबण्यापूर्वी तो खाली आणलेला आहे याची खात्री करावी. पट्ट्याच्या मशीनमध्ये झाकण उघडताच वीज तोडणारा स्विच असला, तरी बोटे पुलीजवळ नेण्याआधी प्लग काढावाच. वीज जाऊन परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होऊ नये, यासाठीचा स्विच दोन्ही प्रकारांत पाहून घ्यावा. बाकीचे नियम कोणत्याही मशीनला तेच: हातमोजे घालू नयेत, सैल बाह्या आणि मोकळे केस बांधावेत, चष्मा लावावा, चकाची चावी लगेच काढावी, कीस ब्रशने झाडावा. लांब जॉब व्हाइसमध्ये बसत नसेल, तर तो क्लॅम्पने टेबलाला आवळून त्याचे डावे टोक कॉलमच्या (मशीनच्या उभ्या खांबाच्या) डाव्या बाजूला टेकवावे. बिट वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरते, म्हणून अडकले तरी जॉब कॉलमवरच दाबला जातो, आपल्याकडे येत नाही.

पट्ट्याचे मशीन घ्यायचे ठरले, तर आतल्या तक्त्यावरचा सर्वांत कमी वेग आधी वाचावा. एकच पट्टा आणि पाच वेग असलेल्या लहान मशीनमध्ये तो पुष्कळदा 500 ते 600 फेऱ्यांचा असतो. पोलादात 20 मिलिमीटरच्या बिटाला तो थोडा जास्तच आहे, त्यामुळे अशी कामे असतील तर तीन पुल्यांचे मशीन पाहावे. नॉबचे घ्यायचे असेल, तर 10 मिलिमीटर जाडीचा पोलादी तुकडा आणि 13 मिलिमीटरचे बिट सोबत नेऊन, वेग मिनिटाला 700 फेऱ्यांच्या आसपास ठेवून, एक छिद्र आरपार पाडून पाहावे, आणि टोक बाहेर पडताना स्पिंडल काय करते यावर पैसे द्यायचे की नाही ते ठरवावे.