पॅनल सॉ घेताय? आधी क्रॉसकट फेन्स काढून परत लावायला सांगा

जालन्यात माझं कपाटं आणि मॉड्युलर किचनचं वर्कशॉप आहे. तिथल्या 3200 मिमीच्या स्लायडिंग पॅनल सॉबद्दल, म्हणजे सरकत्या टेबलावर शीट ठेवून कापायच्या करवत-मशीनबद्दल लिहितोय. मोटर दमदार आहे, टेबल हलकं सरकतं, मुख्य पात्याआधी खालून हलकी खाच पाडणाऱ्या स्कोअरिंग ब्लेडमुळे प्री-लॅमची (लॅमिनेट चढवूनच येणाऱ्या बोर्डाची) खालची कड टवके न उडता निघते. एवढं बहुतेक मशीनवर मिळतं. माझा सगळा जीव अडकलाय तो क्रॉसकट फेन्समध्ये, म्हणजे शीट काटकोनात कापली जावी म्हणून जिला टेकवतो त्या टेबलावरच्या आडव्या पट्टीत.

आठ बाय चारची अख्खी शीट असली की आम्ही फेन्स पुढच्या टोकाला लावतो. शीट टेबलावर चढवून त्याला टेकवणं एकट्यालाही जमतं. ड्रॉवरचे, शेल्फचे लहान पीस आले की तोच फेन्स आपल्या बाजूला येतो, कारण तेव्हा पीस मागून रेटला गेला पाहिजे. ही अदलाबदल रोजची. त्यामुळे परत लावलेला फेन्स गुण्यात (बरोबर काटकोनात) बसतो का, यावरच मी मशीनला मार्क देतो.

आपल्या बाजूच्या जागेला पैकीच्या पैकी. फेन्स जिच्याभोवती फिरतो ती पिन घट्ट बसते, 90 अंशाला फेन्स अडवणारा स्टॉप एक्सेन्ट्रिक आहे, म्हणजे मध्य सोडून बाजूला भोक असलेली गोल चकती. किंचित फिरवला की कोन केसभर सरकतो आणि आवळल्यावर जागचा हलत नाही. पुढच्या जागेला मात्र साधा बोल्ट आणि लॉकनट दिलाय. नट आवळताना बोल्टही थोडा फिरतो, मग पुन्हा मोजा, पुन्हा सैल करा. इथे कंपनीने हात आखडता घेतलाय.

सेटिंग नुसत्या गुण्यावर सोडू नका. एमडीएफचा चौकोनी तुकडा घ्या. नुकतीच कापलेली कड दर वेळी फेन्सला लावत चारही बाजू कापा आणि पाचव्या कापात पहिल्या बाजूची बोटभर पट्टी काढा. पट्टीची दोन्ही टोकं व्हर्नियरने मोजून फरकाला चारने भागा. माझ्या 800 मिमीच्या पट्टीत 0.8 मिमी फरक निघाला, म्हणजे तेवढ्या लांबीला फेन्स 0.2 मिमी बाहेर. स्टॉप फिरवल्यावर पट्टीतला फरक 0.2 वर आला, म्हणजे खरी चूक 0.05. कपाटाच्या कामाला हे उत्तम.

भुशाकडे लक्ष हवंच. पिनपासून स्टॉप अर्ध्या मीटरवर आणि फेन्स अडीच मीटरचा धरला, तर स्टॉपवर दबलेला 0.1 मिमीचा भुसा फेन्सच्या टोकाला अर्धा मिमी खातो. आमच्या पोराला आता सांगावं लागत नाही. "मालक, फुंकून घेतलं, आता लावायलो," म्हणतो, तेव्हा बरं वाटतं.

जागा बदलली की फेन्सवरची लांबीच्या मापाची पट्टीही तपासा. एक पीस कापायचा, टेपने मोजायचा, काटा जुळवायचा. आपल्याकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये तर हे जास्तच लागतं. फेन्सचं ॲल्युमिनियम मीटरमागे अंशाला 0.023 मिमी वाढतं. हिवाळ्यातली सकाळ आणि मे महिन्यातली दुपार यांत 30 अंशांचा फरक धरला, तर अडीच मीटरच्या फेन्सला पावणेदोन मिमीच्या आसपास. प्लाय तेवढा वाढत नाही. म्हणून एका कपाटाच्या दोन्ही उभ्या बाजू आम्ही एकाच बैठकीत कापतो.

लहान पीसचं काम जास्त असेल तर हे मशीन डोळे झाकून घ्या. रोज अख्ख्या शीट फाडायच्या असतील तर दोन्ही जागांना एक्सेन्ट्रिक स्टॉप असलेलं मॉडेल शोधा, आणि मोठ्या मोटरसाठी काढलेले पैसे त्यात घाला.