मे महिन्यातला क्रोशा-विणकामाचा क्लास, आणि दिवाळीनंतर त्यातलं काय काय टिकलं

क्लास मे मध्ये केला आणि लिहितेय आत्ता, दिवाळी झाल्यावर. हे मुद्दाम केलंय. कारण क्लास संपतो तेव्हा सगळंच छान वाटत असतं, कोस्टर नवे असतात, फोटो काढून झालेले असतात, पण धागा कसा निघाला आणि हात खरंच बसला का ते वस्तू चार वेळा धुतल्याशिवाय कळत नाही. आधीच सांगते, मला क्लास मनापासून आवडला, लेकीला पुढच्या उन्हाळ्यात परत घालणार आहे. पण क्लास निवडताना काय बघायचं हे आता जास्त नीट सांगता येईल.

आम्ही नागपूरचे, मे मध्ये पारा ४५ ला टेकलेला, त्यामुळे बॅच सकाळी ८ ची, उन्हं तापायच्या आत घरी. मग अख्खी दुपार कूलरसमोर बसून होमवर्क. मी आणि माझी सहावीतली लेक एकाच बॅचला होतो, बाकी शाळेतल्या मुली, दोन मुलगे, कॉलेजच्या पोरी आणि काही रिटायर्ड काकू. शिकवणाऱ्या मॅडमनी आधी क्रोशा घेतला आणि मग दोन सुयांचं विणकाम, आणि हा क्रम मला फार बरोबर वाटला. क्रोशात एका वेळी एकच टाका सुईवर असतो, तो निसटला तर फार तर एक-दोन खांब, म्हणजे क्रोशाचे उभे टाके, उसवतात, परत सुई घालून पुढे जाता येतं. दोन सुयांवर वीस-तीस टाके एकदम उघडे असतात, एक सुटला की त्याच्या खालचे टाकेही उसवत जाऊन खालपर्यंत शिडी पडते आणि लहान मुलं घाबरून सुया खाली ठेवतात.

ह्या क्लासची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी उसवायला शिकवलं. ऐकायला साधं वाटतं पण बऱ्याच ठिकाणी असं होतं की मुलीचं चुकलं की मॅडमच हातात घेऊन दुरुस्त करून देतात, वस्तू पूर्ण होते, घरचे खूश, आणि जूनमध्ये मुलीला एकटीला काहीच जमत नाही. इथे साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब हे क्रोशाचे मूळ टाके झाल्यावर पुढचे दिवस फक्त टाके वाचणं. वरून बघितलं की प्रत्येक टाक्याचा इंग्रजी व्ही सारखा आकार दिसतो, ते मोजायचे, प्रत्येक ओळीनंतर मोजायचे. चौकोनाचा त्रिकोण का होतो? कारण ओळीतला शेवटचा टाका सुटत असतो. मुक्या खांबाच्या ओळीला वळताना १ साखळी, खांबाच्या ओळीला ३, आणि त्या ३ साखळ्या बहुतेक वेळा पहिला खांब म्हणून धरायच्या, म्हणजे पुढच्या ओळीत परत येताना त्यांच्या डोक्यावरही एक खांब यायला हवा. हे एकदा डोक्यात बसलं की कडा सरळ येतात. आणि विणकामात सुटलेला टाका क्रोशाच्या सुईने शिडीच्या एकेका पायरीवरून वर चढवत आणायचा हेही शिकवलं, माझी लेक आता ते करते आणि शेजारच्या ताईंचा मफलर तिनेच वाचवला, मला इतकं भरून आलं होतं तेव्हा!

आता धाग्यांबद्दल, कारण ह्यावरच सगळ्यात जास्त विचारतात.

सुरुवात क्रोशासाठी ८ प्लायच्या कॉटनने (प्लाय म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप), ४ एमएमची सुई, आणि रंग फिका. गडद निळा किंवा काळा धागा नवीन माणसाने घेऊच नये, टाकेच दिसत नाहीत. ते मखमलीसारखे मऊ धागे मिळतात ना, ते तर अजिबात नको, दुकानात हात लावला की मोह होतो पण टाका कुठे आहे ते बोटांनी चाचपत बसावं लागतं. दोन सुयांवर मात्र मॅडमनी साधं अॅक्रिलिक दिलं कारण त्यात थोडी लवचिकता असते, कॉटन ताणलं जात नाही म्हणून नवीन हाताला मनगट दुखतं. फक्त उन्हाळ्यात हात घामेजले की अॅक्रिलिक प्लॅस्टिकच्या सुईवर चिकटल्यासारखं होतं, अॅल्युमिनियमच्या सुईवर नीट सरकतं, त्यामुळे सुया धातूच्याच घ्या.

टिकाऊपणात कॉटन कुठच्या कुठे पुढे आहे. कॉटनचे कोस्टर आणि ओट्याची फडकी मशीनमध्ये कितीदा धुतली, थोडी मऊ झाली एवढंच. अॅक्रिलिकचे कोस्टर दिसायला अजून चकचकीत आहेत पण पाणी शोषत नाहीत, थंड ग्लासाखाली ठेवले की टेबल ओलं. आणि एक फार महत्त्वाचं, गरम भांडी धरायचे रुमाल फक्त आणि फक्त कॉटनचे करा, अॅक्रिलिक उष्णतेने वितळतं आणि हाताला चिकटलं तर वाईट भाजतं. इस्त्रीचंही तेच, अॅक्रिलिकवर गरम इस्त्री ठेवली की ते कायमचं लुळं पडतं. मिल्क कॉटन म्हणून जे विकतात त्याचं लेबल वाचून घ्या, पुष्कळदा त्यात अॅक्रिलिक मिसळलेलं असतं, लेकीच्या पेन्सिल पाऊचवर दप्तराच्या घासण्याने गोळे आलेत. लाल आणि मरून कॉटनचा आधी छोटा तुकडा विणून धुऊन बघा, रंग जातो का ते.

तोरणासाठी मर्सराइज्ड कॉटन घेतलं. मर्सराइज्ड म्हणजे कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेला धागा, त्याने चमक येते, मजबुती वाढते आणि रंग चांगला धरतो. दिवाळीला दारावर लावलं, सासूबाईंनी रुमालाला देतात तशी हलकी खळ देऊन सपाट वाळवलं, त्यामुळे पानं मस्त ताठ राहिली. सासूबाई पॅटर्न वगैरे काही बघत नाहीत, जुना रुमाल हातात घेतात, उलटसुलट करतात आणि तसाच्या तसा काढतात, तोरणाची किनार सगळी त्यांचीच.

एक खंत आहे. कापूस आपल्या विदर्भात पिकतो, केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरात आहे, आणि इतवारीत नाहीतर बर्डीवर विणायचा कॉटन धागा मागितला तर समोर अॅक्रिलिकचेच गठ्ठे येतात. लुधियानाचे वर्धमान, ओसवाल, गंगा ह्यांचे रंग भरपूर मिळतात आणि मफलर-टोप्यांना ते चांगलेच आहेत, पण कॉटनमध्ये जाडी आणि रंग हवा तसा हवा तर ऑनलाइनच बघावं लागतं. जिथून घ्याल तिथून एका वस्तूला लागेल तेवढा धागा एकदम घ्या आणि लेबलवरचा लॉट नंबर, म्हणजे एकदम रंगवलेल्या धाग्याचा नंबर, जुळवा, तोच रंग दुसऱ्या लॉटचा असेल तर पट्टा पडलेला दिसतो. अजून एक, तेवढ्याच मापाच्या वस्तूला क्रोशात विणकामापेक्षा जास्त धागा जातो, त्या हिशोबाने घ्या.

आता न आवडलेलं. क्लासच्या किटमधला धागा सुमार होता, पीळ सैल, सुई मधूनच आरपार जायची आणि टाका फाटायचा, आणि किंमत बाहेरच्यापेक्षा जास्त. किट घ्यायची सक्ती असेल तर आधी गुंडा उघडून बघा. बॅच मोठी होती, मागे बसणाऱ्यांना हात दिसायचा नाही. आणि बॅचमध्ये एक डावखुरी मुलगी होती, तिच्याकडे पहिले काही दिवस कोणी लक्षच दिलं नाही. डावखुऱ्या मुलांना शेजारी न बसवता समोर बसवलं की आरशात बघितल्यासारखं सगळं उलटं दिसतं आणि पटकन जमतं, हे तिच्या आईनेच शोधून काढलं. असं व्हायला नको होतं, फी सगळ्यांची सारखीच होती.

छोट्या प्रोजेक्टमध्ये रोज वापरात राहिलं ते म्हणजे फडकी, केसांचे रबर, मोबाईलचं पाऊच आणि जाळीची भाजीची पिशवी. पिशवी कांदे-बटाट्यांनी लांबते, म्हणून पट्टा मुक्या खांबाचा घट्ट करा आणि जाळीची भोकं लहान ठेवा, नाहीतर लिंबं गळतात. ग्रॅनी स्क्वेअर, म्हणजे मधून बाहेर विणत जायचे छोटे चौकोन, सगळ्यांनी हौसेने केले पण जोडायचा कंटाळा येतो, आमचेही अजून डब्यात आहेत. अमिगुरुमी म्हणजे ती जपानी पद्धतीची भरीव खेळणी मुलांना प्रचंड आवडतात, पण ३ वर्षांखालच्या बाळाला द्यायची असतील तर प्लॅस्टिकचे डोळे लावू नका, धाग्याने भरा. नणंदेच्या बाळाला टोपडं केलं ते मऊ कॉटनचं, मागे सैल बंद, त्याला जाळी फार मोठी ठेवली नाही कारण बोटं अडकतात.

क्लासनंतर व्हिडिओ बघून पुढे जाणार असाल तर पॅटर्न अमेरिकन आहे की ब्रिटिश ते आधी बघा, अमेरिकन सिंगल क्रोशे म्हणजेच ब्रिटिश डबल क्रोशे. खुणांचा चार्ट वाचायला शिकलात तर ही भानगडच राहत नाही, लेक तर आता चार्ट असलेलेच पॅटर्न निवडते.

सध्या थंडी सुरू होतेय तर आजोबांसाठी ती विणतेय तो मफलर सुयांवर आहे, २ सुलट २ उलट. क्लास शोधताय तर चौकशी मार्चमध्येच करा, सकाळच्या बॅचेस लवकर भरतात, आणि डेमोला गेलात की एवढं विचारा की मुलाचं चुकलं तर दुरुस्त कोण करणार, मॅडम की मूल?