यॉर्क पायी पाहताना: खासगी मार्गदर्शक, विनामूल्य फेरी की आपली आपण भटकंती?

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरून रेल्वेने सुमारे दोन तासांत यॉर्कला पोहोचता येते. त्यामुळे इंग्लंडला मुलाबाळांकडे आलेले किंवा सहलीला निघालेले बहुतेक मराठी प्रवासी या शहराला एकच दिवस देतात. जुने यॉर्क तटबंदीच्या आत सामावलेले आहे आणि ते पायीच पाहावे लागते. प्रश्न उरतो तो कोणाबरोबर पाहायचे हा. पैसे देऊन केवळ आपल्यासाठी मार्गदर्शक घ्यायचा, शहरातील स्वयंसेवकांच्या विनामूल्य फेरीत सामील व्हायचे, की नकाशा हाती घेऊन आपले आपण निघायचे? मी पहिल्यांदा पत्नीबरोबर विनामूल्य फेरीने आणि दुसऱ्यांदा आई-वडील व दहा वर्षांच्या भाच्याला घेऊन खासगी मार्गदर्शकाबरोबर हे शहर पाहिले. त्यामुळे पुढील तुलना बरीचशी अनुभवाची आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. या शहरात कोणी सांगणारे बरोबर असल्याने खरोखरच फरक पडतो, कारण येथील इतिहास एकावर एक रचलेला आहे. म्युझियम गार्डन्समधील मल्टँग्युलर टॉवर या बुरुजाचेच उदाहरण घ्या. खालचा भाग लहान, नीटस दगडांचा असून त्यातून लाल विटांचा एक पट्टा गेलेला दिसतो, तर वरचे दगड मोठे आहेत. खालचे काम रोमनांचे आणि वरचे मध्ययुगातले. इसवी सन 71 मध्ये रोमनांनी येथे एबोराकम नावाची छावणी वसवली, 306 मध्ये कॉन्स्टंटाइनला याच गावी सैन्याने सम्राट म्हणून घोषित केले आणि 866 मध्ये व्हायकिंगांनी, म्हणजे उत्तर युरोपातून समुद्रमार्गे आलेल्या लढवय्यांनी, शहर जिंकले. कोणी बोट ठेवून दाखवले नाही, तर त्या लाल पट्ट्यावरून नजर सहज घसरून जाते.

विनामूल्य फेरी म्हटली की आपल्या मनात किंचित संशय येतो, कारण युरोपातील अनेक शहरांत 'फुकट' फेरीच्या शेवटी बक्षिसीची अपेक्षा असते. यॉर्कमध्ये तसे नाही. येथील स्वयंसेवक मार्गदर्शकांची संघटना 1951 पासून हे काम करत आहे आणि तिचे मार्गदर्शक बक्षिशी घेतच नाहीत. सकाळी सव्वादहाच्या सुमारास आर्ट गॅलरीसमोरच्या एक्झिबिशन स्क्वेअरमध्ये जाऊन उभे राहायचे एवढेच. आगाऊ नोंदणी लागत नाही. उन्हाळ्यात दुपारीही फेऱ्या असतात, मात्र वेळा आदल्या दिवशी पाहून घ्याव्यात. आमच्या फेरीचे मार्गदर्शक निवृत्त गृहस्थ होते. मठाचे भग्नावशेष, रोमन बुरुज, तटावरील एक टप्पा आणि मिन्स्टर या शहरातल्या भव्य मुख्य चर्चमागच्या गल्ल्या असे करत त्यांनी आम्हाला दोन तास फिरवले. हे त्यांचे स्वतःचे गाव आहे, हे त्यांच्या प्रत्येक वाक्यातून जाणवत होते. माहितीच्या दर्जात ही फेरी खासगी फेरीपेक्षा कमी पडते असे मी मुळीच म्हणणार नाही.

तिच्या मर्यादा वेगळ्याच आहेत. आम्ही वीसेक जण होतो, आणि मागे राहिलेल्याला पुढचे वाक्य अर्धेच ऐकू येत होते. यॉर्कशरची बोली, त्यात वाऱ्याचा आवाज, आणि विनोद झाला की पुढच्या चार जणांचे हसणे. इंग्रजी वाचण्याची सवय असलेल्या पण ऐकण्याची नसलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना यातून फारसे काही मिळत नाही. फेरीची वाट ठरलेली आणि गतीही ठरलेली. कोणाला बसायचे असेल, स्वच्छतागृहात जायचे असेल किंवा एखाद्या दारापुढे पाच मिनिटे अधिक थांबायचे असेल, तर पुढे गेलेला घोळका स्वतःच गाठावा लागतो.

खासगी मार्गदर्शकाला आपण पैसे देतो ते माझ्या मते अधिक माहितीसाठी नव्हे, तर वाट, गती आणि भाषा आपल्याला हवी तशी वळवता यावी म्हणून. वडिलांचा गुडघा दुखतो हे मी आधीच कळवले होते. यॉर्कचा तट सुमारे साडेतीन किलोमीटरचा आहे. त्यावर चढायला दगडी पायऱ्या आहेत आणि आतल्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. आमच्या मार्गदर्शक बाईंनी तट वगळला आणि वाट अशी आखली की दर पंधरा-वीस मिनिटांनी बसायला जागा मिळावी. गुडरॅमगेटवरील होली ट्रिनिटी या लहानशा चर्चमध्ये जुन्या पद्धतीचे, लाकडी कप्प्यांसारखे दारे असलेले बाक आहेत. तेथे आई-वडील निवांत बसले आणि बाईंनी हलक्या आवाजात, सावकाश इंग्रजीत तासाभराचा इतिहास दहा मिनिटांत सांगितला. आईने दोन प्रश्न मराठीत विचारले, मी भाषांतर केले, आणि बाई तेवढा वेळ थांबल्या. वीस जणांच्या घोळक्यात हे शक्य झाले नसते.

भाच्याला मात्र सम्राटांत रस नव्हता. बाईंनी ते ओळखले आणि सेंट हेलेन्स स्क्वेअरमध्ये एका जुन्या इमारतीच्या माथ्यावरचे टेरी हे नाव त्याला वाचायला लावून गोष्ट चॉकलेटकडे वळवली. टेरी आणि राउनट्री ही यॉर्कमधली चॉकलेटची दोन घराणी. आपल्याकडे पोरेसोरे खातात ते किटकॅट 1935 मध्ये राउनट्रीनेच दुसऱ्या नावाने प्रथम बाजारात आणले. पुढे स्टोनगेटवर एका गल्लीच्या तोंडाशी वर बसवलेला तांबडा सैतान त्यांनी दाखवला. तेथे पूर्वी छापखाना होता, आणि छापखान्यातल्या उमेदवार पोरांना 'छापखान्याचा सैतान' म्हणत, त्याची ती खूण. ती गल्ली इतकी अरुंद की दोघे शेजारी चालू शकत नाहीत. भाचा ती तीन वेळा पार करून आला.

रस्त्यांच्या नावांबाबतही मार्गदर्शक उपयोगी पडतो, आणि पुण्याच्या पेठा-आळ्यांची सवय असलेल्या माणसाला हा विषय विशेष रुचतो. यॉर्कमध्ये 'गेट' म्हणजे दरवाजा नव्हे. व्हायकिंगांच्या भाषेतल्या 'गाता' या शब्दावरून आलेला तो रस्ता आहे, आणि वेशीला तेथे 'बार' म्हणतात. कॉपरगेट ऐकून आपल्याला तांबट आळी आठवते, पण ती निघते लाकडी पेले घडवणाऱ्यांची. शॅम्बल्स ही मात्र सरळसरळ खाटीक आळी; दुकानांबाहेरचे मांस टांगायचे आकडे आणि खिडक्यांखालच्या रुंद फळ्या अजून तेथे आहेत. याच आळीतल्या एका खाटकाची बायको मार्गारेट क्लिथरो हिला कॅथलिक धर्मगुरूंना आसरा दिल्याच्या प्रकरणात 1586 मध्ये वजनाखाली चिरडून मारण्यात आले, आणि 1970 मध्ये पोपनी तिला संतपद दिले. दुपारी शॅम्बल्समध्ये हॅरी पॉटरच्या जादूच्या छड्या विकत घेणाऱ्यांची एवढी दाटी असते की ही कथा तेथे उभे राहून कोणी ऐकू शकत नाही. खासगी मार्गदर्शक आपल्याला तेथे सकाळी दहाच्या आत नेऊ शकतो.

क्लिफर्ड्स टॉवरचा उल्लेख वेगळा करायला हवा. मार्च 1190 मध्ये जमावापासून जीव वाचवण्यासाठी शहरातील ज्यू कुटुंबे किल्ल्याच्या लाकडी मनोऱ्यात शिरली, आणि सुमारे दीडशे माणसे तेथे मृत्युमुखी पडली. अनेकांनी जमावाच्या हाती लागण्यापेक्षा स्वतःच जीव संपवले. नंतर दंगलखोरांनी मिन्स्टरमध्ये ठेवलेले, ज्यूंकडून घेतलेल्या कर्जाचे दस्तऐवज जाळले, यातच बरेच काही आले. आज दिसणारा दगडी मनोरा तेराव्या शतकातला आहे. आमच्या विनामूल्य फेरीच्या वाटेत हे ठिकाण नव्हते. ज्यांना शहराचा हा भाग समजून घ्यायचा आहे, त्यांनी खासगी मार्गदर्शकाला तसे आधीच सांगावे. ही जागा घाईत पाहण्याची नाही.

आता खर्च. खासगी मार्गदर्शकाचा दर बहुधा माणशी नसून गटामागे असतो, आणि सारा हिशेब येथेच ठरतो. समजा दोन तासांचे दीडशे पौंड सांगितले, तर दोघांना माणशी पंचाहत्तर पडतात आणि सहा जणांना पंचवीस. जोडप्याने हा खर्च करावा असे मला वाटत नाही. तेच पैसे मिन्स्टरच्या तिकिटात आणि चांगल्या जेवणात घालावेत. आजी-आजोबा, नातवंडे असे पाच-सहा जण असतील, तर मात्र हाच खर्च वावगा वाटत नाही.

मार्गदर्शक निवडताना त्याच्याकडे ब्लू बॅज किंवा ग्रीन बॅज आहे का, हे विचारावे. पहिला एखाद्या मोठ्या प्रदेशासाठी आणि दुसरा एखाद्या शहरापुरता असतो, आणि दोन्ही परीक्षा देऊन मिळवावे लागतात. शक्य असेल तर मार्गदर्शकाशी थेट पत्रव्यवहार करावा. आमची पहिली नोंदणी मी एका मध्यस्थ संकेतस्थळावरून केली होती. गुडघ्याची गोष्ट मी तेथे रकान्यात लिहिली, पण ती मार्गदर्शकापर्यंत पोहोचलीच नाही, आणि आदल्या संध्याकाळी आलेल्या संदेशात तटावरून चालायची वाट आखलेली होती. ती नोंदणी रद्द करताना निम्मे पैसे गेले. वर सांगितलेल्या बाई त्यानंतर थेट ईमेलने मिळाल्या.

आपली आपण भटकंती हा पर्याय गरिबाचा समजू नये. तटावर चढायला तिकीट लागत नाही. बूथम बार ते मंक बार हा टप्पा मिन्स्टरच्या मागून जातो आणि शहराचे सर्वांत देखणे दर्शन तेथूनच घडते. वसंतात तटाच्या उतारावर डॅफोडिलची पिवळी फुले असतात. अंधार पडताना तट बंद होतो आणि बर्फ पडल्यास उघडतच नाही, एवढे लक्षात ठेवावे. ज्याने घरी थोडे वाचले आहे आणि ज्याला वाट चुकण्याचा आनंद घेता येतो, त्याला मार्गदर्शकाची अडचणच व्हायची. रात्रीच्या भुतांच्या फेऱ्यांविषयी एवढेच सांगतो की तो इतिहास नसून करमणूक आहे, आणि करमणूक म्हणून बरी आहे.

मिन्स्टरचा निर्णय या तिन्हींपासून वेगळा ठेवावा. आत जायला तिकीट आहे, आणि रस्त्यावरचा मार्गदर्शक आत येईलच असे नाही. ते आधी विचारून घ्यावे. आत त्यांचे स्वतःचे स्वयंसेवक माहिती सांगतात. जॉन थॉर्नटनने 1405 ते 1408 या काळात घडवलेल्या पूर्वेकडच्या महाकाय रंगीत काचेच्या खिडकीपुढे बसायला किमान अर्धा तास हाताशी असावा. त्यामुळे दोन तासांची खासगी फेरी आणि मिन्स्टर एकाच सकाळी कोंबण्याचा मोह टाळावा. आम्ही तो टाळला नाही, आणि आईने ती खिडकी दमलेल्या डोळ्यांनी पाहिली.

खासगी फेरी घ्यायचे ठरलेच, तर मार्गदर्शकाला पाठवायच्या पत्रात चार गोष्टी लिहाव्यात: बरोबर कोणकोणत्या वयाची माणसे आहेत, कोणाला पायऱ्या जमत नाहीत, सलग किती वेळ चालता येते, आणि काय मुळीच पाहायचे नाही. यातल्या चौथ्या गोष्टीने आमचा सर्वाधिक वेळ वाचवला. जादूच्या छड्यांची दुकाने नकोत, असे मी लिहिले होते. भाच्याला ते अजून माहीत नाही.