साताऱ्याहून कन्याकुमारी, चालकासह भाड्याच्या गाडीने

सातारा ते कन्याकुमारी हे अंतर एका बाजूने सुमारे 1400 किलोमीटर आहे. सत्तरी ओलांडलेल्या आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाला घेऊन ते रस्त्याने पार करायचे, तर गाडी कोणती यापेक्षा ती चालवणार कोण आणि दिवसाला किती तास चालवणार, हा प्रश्न आधी येतो. साताऱ्यातील ज्या एजन्सीकडून आम्ही चालकासह इनोव्हा क्रिस्टा घेतली, तिने या बाबतीत आम्हाला तक्रारीला जागा ठेवली नाही. हिशेबाच्या कागदाबाबत मात्र तिचा कारभार ढिसाळ आहे.

परीक्षणाचा खरा अधिकार माझ्यापेक्षा वडिलांचा. अण्णा एसटीत चालक होते, पसरणी आणि आंबेनळी घाटांत त्यांची उमेदीची वर्षे गेली, आणि स्टीअरिंग दुसऱ्याच्या हाती असताना स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावात नाही. हट्टाने ते चालकाशेजारच्या सीटवर बसले आणि निपाणीजवळचा तवंदी घाट मागे पडेपर्यंत त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधत होता. चालक पस्तिशीचा, कोरेगावकडचा, मितभाषी. अण्णांच्या प्रत्येक सूचनेला तो ‘होय अण्णा’ म्हणे आणि गाडी आपल्याच पद्धतीने चालवी. त्याची ती पद्धत बरोबर आहे, हे अण्णांनी मान्य केले ते तमिळनाडूत, धर्मपुरी आणि सेलम यांच्या मधल्या तोप्पूर घाटात. राष्ट्रीय महामार्ग 44 वरचा हा लांबलचक उतार अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे, कारण माल भरलेल्या ट्रकचे ब्रेक सतत दाबून तापतात आणि ऐन वेळी निकामी होतात. आमच्या चालकाने उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकला, पुढच्या ट्रकपासून भरपूर अंतर ठेवले आणि ब्रेकला अगदी मोजका हात लावला. घाट संपल्यावर अण्णांनी त्याला स्वतःच्या पैशांनी चहा पाजला, आणि आमच्या घरात यापेक्षा मोठे प्रमाणपत्र नाही.

मुक्कामांची आखणी एजन्सीच्या कार्यालयानेच करून दिली होती आणि ती विचारपूर्वक केलेली होती. जाताना हुबळी, होसूर आणि मदुराई असे थांबे होते. होसूर निवडण्याचा फायदा असा की, तुमकूर रस्त्यावरून नाइस रोड धरला की बेंगळुरू शहरात न शिरता थेट होसूर रस्त्याला लागता येते, आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ शहराच्या वाहतुकीत वाया जात नाही. दिवसाचे अंतर साधारण साडेचारशे किलोमीटरच्या आत ठेवले होते. 2025 पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार अधिनियम, 1961 नुसार चालकाचे काम सर्वसाधारणपणे दिवसाला आठ तासांचे असे आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक होती. पण पर्यटनाच्या गाड्यांमध्ये असा नियम पाळण्याऐवजी ‘रात्रीतून काढू’ असे अभिमानाने सांगण्याची प्रथा जास्त. या एजन्सीने रात्री नऊनंतर गाडी चालणार नाही, असे आम्हाला आरक्षणाच्या वेळीच सांगितले आणि ते पाळलेही. वृद्ध माणसाला दर दोन तासांनी उतरावेच लागते, तेव्हा चालकाची विश्रांती आणि प्रवाशाची गरज एकाच थांब्यात भागते.

गाडीबद्दल थोडक्यात सांगतो. पिवळी पाटी आणि पर्यटक परवाना दोन्ही होते, आणि हे पाहून घेणे आवश्यक आहे, कारण पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने दिली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. मधल्या ओळीतल्या स्वतंत्र खुर्च्या दुपारी पाठ टेकायला उत्तम, पण पायरी उंच असल्याने अण्णांना प्रत्येक वेळी आधार द्यावा लागला. एजन्सीने एखादा छोटा स्टूल गाडीत ठेवला, तर फार खर्च येणार नाही.

आता हिशेब. दर किलोमीटरला 19 रुपये, दिवसाला किमान 300 किलोमीटर, चालकाचा भत्ता वेगळा, टोल आणि पार्किंग प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे, असे फोनवर ठरले. किमान किलोमीटरची ही अट वरवर निरुपद्रवी वाटते. जाऊन-येऊन 2800 किलोमीटरचा प्रवास आठ दिवसांत केला, तर किमान भरते 2400, म्हणजे प्रत्यक्ष अंतराचेच पैसे लागतात. पण तोच प्रवास आरामात दहा दिवसांवर नेला, की गाडी हॉटेलच्या दारात उभी असतानाही 3000 किलोमीटरचे पैसे द्यावे लागतात. वडिलधाऱ्यांसोबतचा प्रवास आरामातच करायचा असतो, म्हणून ही अट त्यांच्या कुटुंबांनाच अधिक जाचते. त्यावर कडी म्हणजे किलोमीटर आमच्या दारापासून नव्हे, तर गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजले गेले, आणि ही गोष्ट बिल हातात पडल्यावर कळली. रक्कम फार नव्हती. परंतु अंदाजपत्रकात जे लिहिलेले नाही ते बिलात असू नये, एवढी अपेक्षा गैर नाही. चालकाच्या रात्रीच्या निवाऱ्याबाबतही असेच मोघम उत्तर मिळाले होते. हुबळीच्या हॉटेलात चालकांसाठी खोली होती, मदुराईत नव्हती, आणि त्याने गाडीतच झोपायची तयारी केली. अण्णांनी ते ऐकून घेतले नाही. आम्ही त्याच्यासाठी वेगळी खोली घेतली. दुसऱ्या दिवशी अडीचशे किलोमीटर चालवणाऱ्या माणसाची झोप ही चैन नव्हे, आणि तिची व्यवस्था एजन्सीच्याच दरात असायला हवी.

कन्याकुमारीत चालकाची माहिती उपयोगी पडली. समुद्र खवळला की विवेकानंद शिलास्मारकाकडे जाणाऱ्या बोटी बंद होतात आणि दुपारची रांग अंगावर येते, म्हणून त्याने आम्हाला सकाळीच धक्क्यावर सोडले. एकनाथजी रानडे यांच्या अथक प्रयत्नांतून 1970 मध्ये उभे राहिलेले हे स्मारक आणि शेजारच्या खडकावरचा तिरुवल्लुवरांचा 133 फुटी पुतळा यांच्यामध्ये डिसेंबर 2024 पासून काचेचा पूल आहे, त्यामुळे पुतळ्यापर्यंत पायीच जाता येते. पुलावर अण्णा मध्येच थांबून खालच्या लाटांपेक्षा पुलाच्या कमानीकडेच जास्त वेळ पाहत राहिले.

परतल्यावर गॅरेजच्या किलोमीटरबद्दल एजन्सीच्या मालकांशी बोललो. त्यांनी वाद न घालता ती रक्कम वजा केली, मात्र छापील अंदाजपत्रक बदलण्याचे आश्वासन दिले नाही. दिवाळीनंतर बहिणीच्या सासूबाईंना रामेश्वरला न्यायचे आहे. त्यासाठी याच एजन्सीकडे याच चालकाची मागणी नोंदवली आहे, आणि या वेळी गॅरेजचे अंतर व चालकाची खोली हे दोन्ही मुद्दे व्हॉट्सॲपवर लेखी मागवून घेतले आहेत.